दंडातली बेडकी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायला सुरुवात करण्याआधी तुमच्याकडून एक गोष्ट करून घ्यायची आहे. स्कूटरवर असाल तर नको. पण घरात, खाटेवर, ओट्यापाशी, कुठेही असाल तर उजव्या हाताचा अंगठा उजव्या कानात घाला. भोक बुजेल इतपतच, दाबायचं नाही. आता त्याच हाताची मूठ हळूहळू आवळा. अजून थोडी. आली ऐकू? लांबून मालगाडी जावी तशी घरघर? आता मूठ सैल सोडा. घरघर विरत गेली ना?

हा आवाज तुमच्या स्नायूंचा आहे. स्नायू काम करताना सेकंदाला साधारण 20 ते 25 वेळा थरथरतो, आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारा खर्ज जिथून सुरू होतो, नेमका तिथेच हा आवाज येऊन बसतो. इटलीतल्या फ्रान्चेस्को ग्रिमाल्डी नावाच्या धर्मगुरूने ही घरघर टिपून ठेवली होती. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1665 साली छापलं गेलं. पुढे 1810 मध्ये लंडनच्या विल्यम वोलॅस्टन यांनी तिची तुलना फरसबंदी रस्त्यावरून दूर कुठेतरी धावणाऱ्या घोडागाडीशी केली. माझं बालपण रेल्वेलाईनच्या कडेला गेलं, त्यामुळे मला मात्र ती रात्री अडीचची मालगाडीच वाटते. ज्याने त्याने आपापल्या गावची गाडी ऐकावी.

मी परळला गेली 26 वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दिवसभर लोकांचे खांदे, पाठी, पोटऱ्या हाताखालून जातात. पण आज रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आपल्या दोघांमधला हा सगळा व्यवहार स्नायूंचाच आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखं पसरलेलं श्वासपटल हा एक स्नायू. तो खाली सरकला की मी श्वास घेते. गळ्यातले चिमुकले स्नायू स्वरतंतू ताणतात, ढिले करतात आणि माझी पट्टी वरखाली होते. जीभ तर जवळजवळ अख्खी स्नायूंचीच. आणि तिकडे तुमच्या कानात, रिकिबीच्या आकाराच्या एका हाडाला धरून बसलेला असतो शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंपैकी सगळ्यांत धाकटा, जेमतेम 6 मिलिमीटरचा. मोठा आवाज झाला की तो त्या हाडाला आवळून धरतो, म्हणजे आत पोचणारे कंप कमी होतात. विसर्जनाच्या दिवशी लालबागमध्ये त्या बिचाऱ्याचं काय होत असेल ते तोच जाणे.

हाडांना जोडलेले असे स्नायू शरीरात 600 पेक्षा जास्त आहेत. वजनकाट्यावर 60 किलो भरणाऱ्या माणसात 20 ते 24 किलो हेच असतात. शिवाय आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतींतले मृदू स्नायू, जे आपल्याला विचारून काही करत नाहीत. अंगावर काटा येतो तोही त्यांच्यामुळेच, प्रत्येक केसाच्या मुळाशी असाच एक बारकासा स्नायू असतो. आणि तिसरा प्रकार हृदयाचा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता लोकलमध्ये चढा. मनातल्या मनात. वरचं हँडल पकडा. बोटं घट्ट आवळली आहेत, बरोबर? गंमत अशी की त्या बोटांमध्ये बोट वाकवणारा एकही स्नायू नाही. नसेल पटत तर डाव्या हाताने उजव्या हाताची कोपराखालची बाजू पकडा आणि उजव्या हाताची बोटं पेटीवर फिरवल्यासारखी हलवा. डाव्या तळव्याखाली वळवळ लागते ना? मालक तिथे बसलेत. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, मनगटातल्या बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचा खेळ आहे हा. म्हणून तर विरारपर्यंत लटकत आलेल्या माणसाची बोटं दुखत नाहीत, कोपराखालचा हात भरून येतो.

दोरी म्हटली की दुसरी गोष्ट आपोआप येते. दोरीने ओढता येतं, ढकलता येत नाही. स्नायूलाही आयुष्यात ही एकच विद्या येते: आखडायचं, आणि ओढायचं. कोपर वाकवायचा असेल तर दंडाच्या पुढचा स्नायू ओढतो. सरळ करायचा असेल तर मागचा ओढतो आणि तेवढा वेळ पुढचा सैल सोडतो. दादरला उतरताना तुमच्या पाठीत जो जोरदार धक्का बसतो ना, तो देणाऱ्याच्या दंडातसुद्धा ओढच चाललेली असते, फक्त मागच्या बाजूने. आणि पुढच्याने वेळेवर सोडलं नाही तर दोघांची रस्सीखेच होऊन हात जागच्या जागी थरथरत राहतो. ही सोडण्याची गोष्ट लक्षात ठेवा, आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. ताकद म्हटली की आपण आवळणंच डोळ्यांपुढे आणतो. व्यायामशाळेतल्या आरशापुढे उभा असलेला पोरगा फुगवतो तीही दंडातली बेडकीच.

बेडकी! काय शब्द आहे. रोमन लोकांना दंडाच्या कातडीखाली पळणारा उंदीर दिसला, म्हणून इंग्रजी मसल हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला. आपल्याला तिथे बेडूक दिसला. आणि मला आपलं म्हणणं जास्त पटतं, कारण स्नायूंबद्दल माणसाला जे कळलं त्यात बेडकांचा वाटा फार मोठा आहे. बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानी यांनी मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने उडताना पाहिला आणि 1791 मध्ये त्यावर लिहिलं; नसांमधून जाणारा निरोप विजेचा असतो, ह्या समजुतीची सुरुवात तिथून झाली. पुढे 1954 साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिल्या जोडीने बेडकाचे जिवंत स्नायुतंतू पाहिले, दुसरीने सशाचे, आणि दोघांनाही एकच दिसलं. स्नायू आखडतो तेव्हा त्यातले धागे आखडत नाहीत. ते एकमेकांत सरकतात.

हे डोळ्यांपुढे आणायला मी माझ्या आजोळच्या विहिरीवर जाते. सावंतवाडीजवळ, मे महिन्याच्या सुट्टीत, पाणी शेंदायचं काम आम्हा मुंबईच्या पोरांना कौतुकाने दिलं जायचं. दोर दोन्ही हातांत. उजव्याने ओढायचा, डाव्याने धरायचा, उजवा सोडून पुढे न्यायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा ओढायचा. पोहरा वर येतो, पण दोर काही आखूड होत नाही. स्नायूत हेच चालतं. तिथे दोन प्रथिनांचे धागे असतात, जाड मायोसिनचा आणि बारीक ॲक्टिनचा. मायोसिनला असंख्य हात असतात, ते ॲक्टिनचा दोर पकडतात, खेचतात, सोडतात, पुढचं पकडतात. एक खेच एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. पण एक मिलिमीटर स्नायूत अशी सुमारे 400 घरं एकापुढे एक असतात, प्रत्येक घरात शेकड्याने हात, आणि सगळे एकदम कामाला लागतात. त्यातून तुमचा चहाचा कप ओठापर्यंत येतो.

विहिरीवर पहिल्या दिवशी मी काय चूक केली होती, सांगते. मी दोर सोडतच नव्हते. पडेल म्हणून दोन्ही हातांनी गच्च धरून उभी. पोहरा अधांतरी, मी लालबुंद. आजी पायरीवरून म्हणाली, “अगो, सोडल्याशिवाय वर कसो येतलो?” शरीरशास्त्र शिकताना बऱ्याच वर्षांनी मला तीच ओळ पुस्तकात सापडली, फक्त मालवणीत नव्हती.

कारण स्नायूमध्ये पैसे मोजावे लागतात ते सोडण्यासाठी. एटीपी नावाचा एक रेणू हे शरीरातलं चलनी नाणं. मायोसिनचा हात ॲक्टिनला धरून बसला की तो आपण होऊन सुटत नाही. एटीपीचा एक रेणू येऊन त्याला चिकटला की पकड सुटते. मग त्याच रेणूच्या बळावर हात पुढच्या खेचेसाठी ताणून तयार होतो. शिवाय दुसरा खर्च वेगळा. मेंदूकडून निरोप आला की स्नायूच्या आतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं. तेच आपल्या दुधातलं, हाडांतलं कॅल्शियम. ते आलं की ॲक्टिनवरचा अडसर बाजूला होतो आणि खेचाखेची सुरू होते. थांबायचं असेल तर हे सगळं कॅल्शियम परत पिशवीत उपसून भरावं लागतं, आणि त्या उपशालाही एटीपीच लागतं.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी घरात पाहिलेला आहे, जरी त्याकडे कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. चाळीत कुणी गेलं की एखादी जाणती बाई रडणं बाजूला ठेवून पुढे होते. “डोळे मिटवा, हनुवटीला फडकं बांधा, हातपाय सरळ करून घ्या, मग जमायचं नाही.” तिला कुणी एटीपी शिकवलेलं नसतं. पण माणूस गेल्यावर श्वास थांबतो, नवं एटीपी तयार होईनासं होतं, कॅल्शियम जागच्या जागी पाझरतं, आणि लक्षावधी हात जे धरून बसतात ते सोडायला काही उरत नाही. काही तासांत जबडा ताठ, मग मान, मग हातपाय. आपल्या हवेत तर हे लवकरच होतं. एक-दोन दिवसांनी प्रथिनं स्वतःच विरघळायला लागतात, तेव्हा तो ताठरपणा जातो. जिवंतपणी आपलं अंग मऊ राहतं, त्यासाठी क्षणाक्षणाला खर्च होत असतो.

आणि शिल्लक किती? पूर्ण जोर लावला तर स्नायूतलं तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल, एवढीच. मग क्रिएटिन फॉस्फेट नावाची चिल्लर कामी येते, ती आणखी सात-आठ सेकंद पुरते. त्यापुढे साखर फोडून घाईघाईने मिळवायचं, आणि लांबचा पल्ला असेल तर ऑक्सिजनच्या भट्टीवर सावकाश शिजवायचं. सुटत्या गाडीमागे धावणारा माणूस आणि जानेवारीत पेडर रोडचा चढ चढणारा मॅरेथॉनवाला यांची स्वयंपाकघरंच वेगळी असतात.

ह्यावरून आठवलं. आपल्याकडे म्हणतात, अंग आंबलं. इतका चपखल शब्द, की लॅक्टिक आम्लाचा सिद्धांत ऐकला तेव्हा वाटलं, मराठीला आधीच माहीत होतं! दह्याला आंबट करतं तेच हे आम्ल, आणि जोराच्या मेहनतीत स्नायू ते तयार करतात हेही खरं. ओटो मायरहोफ आणि ए. व्ही. हिल यांना 1922 चं नोबेल पारितोषिक स्नायूंची उष्णता आणि हे आम्ल यांच्या अभ्यासासाठीच मिळालं. पण दुसऱ्या दिवशीचं आंबणं त्याच्यामुळे नसतं. ते आम्ल तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं, इतर अवयव ते इंधन म्हणून वापरूनही टाकतात. आजही व्यायामशाळांमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं, की ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, मसाज घे.’ मला दरवेळी हसू येतं, आणि थोडा रागही.

मग दुखतं कशाने? दर पावसाळ्यात सोमवारी-मंगळवारी माझ्याकडे एक ठरावीक गर्दी होते. रविवारी कळसूबाईला जाऊन आलेली मंडळी. 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, वर शिड्या, खाली चिखल. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: “चढताना दम लागला, पण पाय दुखले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र दादरचा पूल उतरता येईना, कठड्याला धरून आडवं आडवं उतरलो.” चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत अंग वर उचलतो. उतरताना तो उलटं काम करतो. ताण धरूनच लांब होत जातो, म्हणजे प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार थोडा थोडा, मोजून सोडतो. ब्रेक लावत गाडी घाटातून उतरवावी तसं. अशा सोडण्यात धाग्यांच्या रचनेत बारीक बारीक फाटाफूट होते, मग सूज येते आणि 24 ते 72 तासांत दुखणं शिगेला पोचतं. दिलासा असा, की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा डोंगर उतरलात तर त्याच्या निम्मंही दुखत नाही. स्नायू दुरुस्त होताना शहाणा होऊन उठतो.

सोडता न येण्याचा दुसरा नमुना म्हणजे वांब. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो आणि माणूस उठून बसतो. नसेकडून निरोप येतच राहतो, स्नायू धरूनच बसतो. तेव्हा पोटरी चोळत बसण्यापेक्षा गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढा, पोटरीला लांब व्हायला भाग पाडा; पकड सुटते. वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, नुसती केळी खात राहू नका.

आणि तिसरा नमुना अस्सल मुंबईचा: चौथी सीट. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धं टेकलेला माणूस तासभर जागचा हललेला नसतो, तरी अंबरनाथला उतरतो तेव्हा एका मांडीचं लाकूड झालेलं असतं. हालचाल शून्य, काम पुरेपूर. आखडलेला स्नायू आपल्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या स्वतःच दाबून धरतो, त्यामुळे रक्त पुरेसं येत नाही आणि केलेला कचराही निघत नाही. दहीहंडीला सगळ्यांत खालच्या थरात जे उभे असतात त्यांचंही हेच. नाव होतं वर चढणाऱ्या पोराचं, पण सर्वांत कठीण काम त्या खालच्यांचं. माझ्याकडे येणारा एक गोविंदा सांगायचा, “मॅडम, थर लागताना काही नाही वाटत. थर उतरल्यावर खांदे खाली येत नाहीत.” त्याने शब्द न वापरता सगळं सांगितलं होतं.

चालताना मात्र आखडणं-सोडणं आलटून पालटून होतं, आणि त्याचा एक मोठा फायदा पोटरीत दिसतो. पायातलं रक्त वर हृदयाकडे जायला पोटरीचा स्नायू शिरा पिळतो, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. दुकानात काउंटरमागे दहा तास उभे राहणारे सेल्समन, चौकातले ट्रॅफिक हवालदार यांना मी म्हणते, जागच्या जागी टाचा उचला आणि टेका. गिऱ्हाइकाला कळणारही नाही.

आता हृदय. हृदय क्षणभरही विश्रांती घेत नाही, असं निबंधात लिहिलेलं असतं. हे साफ चूक आहे. मिनिटाला 75 ठोके धरले तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतात. त्यातले 0.3 सेकंद आखडण्याचे, उरलेले 0.5 सोडण्याचे. हिशेब करा, 24 तासांतले 15 तास ते सैल असतं. आणि त्याच वेळात त्यात रक्त भरतं. त्याच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या भागाला, रक्तपुरवठाही मुख्यतः त्याच वेळात होतो. काही लोकांचं हृदय आखडतं उत्तम, पण ताठर झाल्यामुळे नीट सैल होत नाही. मग तपासणीत जोर छान दिसतो आणि तरी माणसाला जिना चढताना धाप लागते.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के. हे ऐकून वयस्कर श्रोत्यांनी रेडिओ बंद करू नये. 1990 साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी वय 90 असलेल्या मंडळींना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. मांडीचा स्नायू त्या मानाने थोडाच, सुमारे 9 टक्के वाढला होता. मग उरलेली ताकद कुठून आली? नसा आणि मेंदू ह्यांना असलेल्याच स्नायूतल्या जास्त तंतूंना एकदम हाक मारायची सवय लागली. अंगावर मूठभर मांस चढायच्या आधी अंगातलं झोपलेलं मांस जागं होतं.

माझ्याकडे लालबागच्या एका चाळीतल्या आजी येतात. वय 78, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन वर्षं त्या खाली उतरल्याच नव्हत्या. पडायची भीती. त्यांना मी एकच काम दिलं: लाकडी खुर्चीवरून उठायचं, आणि बसायचं. पण बसताना धपकन बसायचं नाही. मनात पाच अंक मोजत, सावकाश, जणू खुर्चीवर अंडं ठेवलंय. आजींना उठण्याचा कंटाळा नव्हता, ह्या बसण्याचाच राग यायचा. “उठायचे कष्ट समजतात गं, बसायचे कसले?” मी म्हटलं, आजी, तेच तर खरे. पहिले पंधरा दिवस सून शेजारी हात धरून उभी. मग नुसती उभी. मग आत स्वयंपाकघरात.

गेल्या गुरुवारी त्या भाजी घेऊन आल्या. परत वर कशा गेल्या ते त्यांनी सांगितलंच नाही. सांगितलं ते एवढंच, की तिन्ही जिने उतरताना भिंतीला हात लावला नाही, आणि पहिल्या मजल्यावरची देशपांडे दारातून बघत होती.

नमस्कार.